पंख्यातलं फूल

उमाताईचं लग्न झालं वैशाखात आणि दसरा उलटून गेला तरी लग्नाची कॅसेट आली नव्हती. सासरी तिला टोमणे सुरू झाले होते. "फोटो आले, आहेर मोजून झाले, आता पाळणा हलायची वेळ आली... कॅसेट मात्र वाटेतच आहे हो!"

मावशीनं, म्हणजे उमाताईच्या आईनं, मला पिटाळलं. "मालू, तू कॉम्प्युटरवाली ना? जा त्या उल्हासनगरवाल्याकडे. कॅसेट घेतल्याशिवाय उठू नकोस."

कॉम्प्युटरवाली म्हणजे काय, तर अंबरनाथला एका क्लासमध्ये मी शिकवत होते. सरांच्या हाताखाली मशीन उघडून दुरुस्त करायलाही शिकले होते. पोरी टायपिंग शिकायला येत आणि मला स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेली बघून हसत.

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये एका साडीच्या दुकानाच्या वर ते व्हिडिओ मिक्सिंगचं ऑफिस होतं. चप्पल जिन्यात काढायची. आत काउंटर, त्यामागे काचेची केबिन. केबिनचं दार ढकललं आणि मी तिथेच थबकले.

मालक लछुसेठ कॉम्प्युटरपुढे डोळे मिटून, हात जोडून उभे होते. खुर्चीत एक मुलगा कपाळाला हात लावून बसला होता. आणि पडद्यावर आमची उमाताई! हातात हार, हात वर उचललेले, समोर भावोजींनी मान खाली घातलेली... आणि हार काही गळ्यात पडत नव्हता.

"सकाळपासून अशाच उभ्या आहेत," तो मुलगा वळूनही न बघता म्हणाला. "नवरी तयार, नवरा तयार. मशीनच नाही म्हणतंय."

"ती माझी बहीण आहे," मी म्हटलं.

आता तो वळला. माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, परत माझ्याकडे. मग ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं...

"म्हणजे हिरव्या साडीतल्या त्या तुम्हीच! दर शॉटमध्ये कॅमेऱ्यापुढे येऊन पाठ करून उभ्या राहणाऱ्या."

"मी?"

"तुमची पाठ कापून कापून माझी बोटं दुखली, मॅडम."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी म्हटलं, "सरका जरा. मी बघते."

लछुसेठनी डोळे उघडले. "आप देखेगी? आपको आता है?"

"येतं," मी म्हटलं आणि खुर्चीवर बसले. खुर्ची अजून त्याच्या अंगानं ऊबदार होती. असल्या गोष्टी का लक्षात राहतात कोण जाणे.

डिस्कवर श्वास घ्यायला जागा नव्हती. इफेक्ट कसा दिसतो ते बघायचं म्हटलं की मशीन दर वेळी एक तात्पुरती फाइल करून ठेवतं. त्या फायली कुणी कधी काढल्याच नव्हत्या. गुलाब उमलतोय, पान उलटतंय, बदामाच्या आकारात नवरा-नवरी... ढीगच्या ढीग.

"बदाम किती वेळा घातलात?"

"सेठला बदाम आवडतो," तो गरीब चेहरा करून म्हणाला.

"अरे, पब्लिक को पसंद है!" लछुसेठ म्हणाले.

तो कचरा काढला आणि डिस्क लावायला घेतली. म्हणजे विखुरलेल्या फायली मशीन एकेक उचलून ओळीनं रचतं. पडद्यावर रंगीत चौकोन एका जागेहून दुसऱ्या जागी जात राहतात. तोवर कशालाही हात लावायचा नाही. सेठनी चहा आणि दालपकवान मागवलं. आम्ही दोघं चौकोन बघत बसलो. मी कॉम्प्युटर शिकले खरी, पण कॉम्प्युटर वाट बघायला शिकवतो हे मला त्या दुपारी कळलं... आणि वाट बघणं इतकं छान असतं हेही.

त्याचं नाव हेमचंद्र. राहायला बदलापूर गावात. सेठ त्याला हेमू म्हणायचे आणि हेमू हे नाव ऐकून गिऱ्हाइकं त्याच्याशी थेट सिंधीत सुरू व्हायची. "मीही आता मान हलवतो," तो म्हणाला. "एकदा मान हलवता हलवता एका लग्नाच्या तीन कॅसेट फुकट द्यायचं कबूल करून बसलो."

मी इतकी हसले की चहा कीबोर्डवर सांडता सांडता राहिला.

चौकोन रचून झाले. मशीन पळायला लागलं, आणि थोड्या वेळानं पुन्हा तिथेच, हार हातात, उमाताई उभी. मी कॅबिनेटवर हात ठेवला. तव्यासारखं तापलं होतं. स्क्रू काढले, झाकण उचललं...

आत झेंडू होता. पाकळ्या, अक्षता, वर हळदकुंकवाचा थर. प्रोसेसरवरचा छोटा पंखा त्यात रुतून बसला होता. दसऱ्याला सेठनी मशीनची पूजा केली होती आणि एक हार वरच्या जाळीवर घातला होता. वाळत वाळत तो आत झिरपला होता.

"सेठ, पूजा बाहेरून करा हो. देवाला आत कोंबलात तर त्याचाही जीव गुदमरेल!"

"भगवान का चीज़ है, फेंकना मत," म्हणत सेठनी ओंजळ पुढे केली. सगळ्या पाकळ्या त्यांनी कागदात बांधल्या. मी त्यांना मऊ ब्रशनं पंखा कसा साफ करायचा ते दाखवलं. "दर आठवड्याला करायचं. नाहीतर प्रोसेसर जळेल."

"हेमू करेगा," ते म्हणाले.

मशीन सुरू केलं. उमाताईचे हात हलले... आणि हार भावोजींच्या गळ्यात पडला. आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या. हेमचंद्र हळूच म्हणाला, "लागलं बाई एकदाचं लग्न." आणि माझ्याकडे बघितलं. जरा जास्त वेळ.

तुळशीचं लग्न झालं आणि क्लासमध्ये फोन आला. "मॅडम, मशीन फिर से हँग!"

मी गेले. झाकण उघडलं. पंख्याच्या पात्यात एक शेवंती अडकवलेली होती. पांढरी, ताजी, देठासकट. सेठ फक्त झेंडू आणायचे, तोही सणाला. मी मान वळवून बघितलं. हेमचंद्र छताकडे बघत होता, जणू तिथे काहीतरी फार महत्त्वाचं लिहिलेलं असावं.

"पंख्यात कचरा होता," मी सेठना सांगितलं. शेवंती पर्समध्ये गेली.

पुढच्या वेळी अबोली. मग एकदा गावाच्या ओढ्याकाठचं कसलंसं निळं रानफूल. त्याचं नाव त्यालाही माहीत नव्हतं. मी झाकण भिंतीकडे तोंड करून उघडायची, म्हणजे सेठना आतलं दिसू नये. फूल पर्समध्ये, ब्रश पंख्यावर, आणि मग ते चौकोन बघत बसायचं.

"हे बरं नाही हं," एकदा मी दटावलं. "एक दिवस खरंच प्रोसेसर जळेल."

"मशीन बंद असताना लावतो. सुरू झालं की जरा वेळात तापतं, की लगेच तुम्हाला फोन."

"आणि काम अडतं ते?"

"माझं काम अडलेलंच आहे की..." तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

सेठनी काउंटरवरून एवढंच ऐकलं, प्रोसेसर जळेल. त्यांचा चेहरा पडला. "जलेगा? सच में?" मी हसत म्हटलं, "साफ नाही ठेवलं तर जळणारच!" गंमत म्हणून बोलले मी. ते ऐकून त्यांनी काय मनावर घेतलं, ते मला फार उशिरा कळलं.

त्याच आठवड्यात, माघात, एका जोडप्याचं आउटडोअर शूटिंग शिवमंदिरापाशी होतं. लग्न झालेली जोडी देवळाभोवती हात धरून फिरणार, झाडाआडून बघणार, असलं. हेमचंद्रनं मला उजेड पाडायला थर्मोकोलचा पत्रा धरायला उभं केलं होतं. नवरा लाजून ताठ झाला होता.

"दादा, बायको आहे तुमची! बँकेच्या साहेबाशेजारी उभे राहिल्यासारखे काय उभे राहताय?" हेमचंद्र ओरडला. सगळे हसले. मी मात्र नाही.

जोडपं पाणी प्यायला गेलं तेव्हा मी म्हटलं, "रविवारी मला बघायला येतायत."

तो कॅमेऱ्याची काच पुसत होता. पुसतच राहिला.

"कोण?"

"शशिकांत म्हणून आहेत. फॅक्टरीत ऑफिसर. माझ्या वडिलांच्या साहेबांचे भाचे. अण्णा म्हणतात, बघायला येतायत म्हणजे ठरल्यासारखंच."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मला अजून कुणी विचारलंच नाही..." मी त्याच्याकडे बघितलं. "कुणीच."

त्यानं काच पुसायचं फडकं खिशात कोंबलं. मग तो म्हणाला, "मला तोंडानं नाही येत, मालिनी." पहिल्यांदाच मॅडम नाही म्हणाला. "दिवसभर दुसऱ्यांची लग्नं जोडतो. स्वतःचं बोलायचं म्हटलं की... हँग होतो."

"मग जसं येतं तसं सांगा."

"शनिवारी?"

"शनिवारी. पण शेवंती नको, अबोली नको. सोनचाफा."

"या दिवसांत?" तो दचकला. "सोनचाफा कुठला आता?"

"ते मला काय माहीत? पंख्यात सोनचाफा असेल तर त्याच संध्याकाळी अण्णांना सांगेन, रविवारी कुणी येऊ नका म्हणून."

तो हसला. असा हसला की हातातलं थर्मोकोल मी घट्ट धरलं.

"जनूकाकाच्या परसात एक झाड आहे. वेडं आहे ते, कधीही फुलतं," तो म्हणाला. "आणि ऐका. तुम्ही ते फूल घरी नेलंत, तर रविवारी मी आईला घेऊन तुमच्या दारात. नाही नेलंत... तर समजेन मी. पुन्हा विचारणार नाही, त्रास देणार नाही."

"नेणार नाही असं वाटतं तुम्हाला?"

"मला काहीच वाटत नाही. मला भीती वाटते," तो म्हणाला. इतकं खरं मला कुणी कधी बोललं नव्हतं.

शनिवारी मी ठेवणीतली मोरपंखी साडी नेसले. आईनं विचारलं, "उद्याची आज का गं?" मी म्हटलं, "बघते चापूनचोपून बसते का ते." फोन बाराच्या आत आला. सेठचा आवाज घाबरलेला. "मॅडम, जल्दी आओ, मशीन एकदम हँग!"

रिक्षेत मला हसूच आवरत नव्हतं.

जिना चढून आत शिरले. हेमचंद्र दिसला नाही. सेठ म्हणाले, रात्रीच कॅसेट घेऊन गेला, आज घरून परस्पर कॅम्प पाचला पोचवायला गेलाय, येईलच. बरं झालं, म्हटलं मनात. फूल आधी एकटीनंच बघावं. केबिनमध्ये चंदनाच्या उदबत्तीचा धूर कोंडला होता. त्या धुरातून मला क्षणभर सोनचाफ्याचा वास आल्यासारखा वाटला. मनातच फुललाय, म्हटलं.

झाकण भिंतीकडे वळवून उचललं.

पंखा स्वच्छ होता.

इतका स्वच्छ की पात्यांवर बोट फिरवलं तर धूळसुद्धा लागली नसती. मी आत वाकून बघितलं. डिस्कच्या मागं, वायरींच्या खाली, कोपऱ्यात. काही नव्हतं. एक पाकळी नाही. डिस्कची चपटी केबल तेवढी एका बाजूनं सुटून लोंबत होती. मशीन खरंच बिघडलं होतं. साधं, कोरडं, कुणालाही बोलावून दुरुस्त करून घ्यावं असं.

मी केबल बसवली. स्क्रू लावले. एक स्क्रू दोनदा पडला.

झाड वेडं असेल, पण या वेळी फुललं नसेल. मग शेवंती ठेवायची होती. साधी तुळशीची डहाळी ठेवली असती तरी मी उचलून नेली असती! आणि काहीच ठेवलं नाही याचा अर्थ एकच होता. त्याला भीती वाटत होती, आणि भीती जिंकली होती.

मान खाली घालूनच केबिनमधून बाहेर आले, काउंटर ओलांडून वळले तेव्हा हेमचंद्र काउंटरमागे उभा होता. नुकताच आला असावा, कपाळावर घाम. तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या डोक्यावरून, मागं जिन्याच्या दाराकडे कुठेतरी वर बघत होता. मला वाटलं, नजर चुकवतोय.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं. केबल सैल होती."

"बस? ... बाकी काही?"

"बाकी काही नव्हतं."

मग पुन्हा त्याची नजर त्या दारावर गेली आणि परत आली तेव्हा विझलेली होती.

"बरं," तो म्हणाला. "उद्याचं... सगळं नीट पार पडू दे."

"हो," मी म्हटलं, आणि मान खाली घालून त्या दारातून उतरले. वर बघितलंच नाही. डोळे भरले होते, पायरी दिसली म्हणजे झालं.

रविवारी दोन वाजल्यापासून मी खिडकीत होते. वेडी आशा. शशिकांत आला, त्याचे आईवडील आले, पोहे झाले. बदलापूरहून कुणी आलं नाही.

लग्न वैशाखातच झालं. कॅसेट दुसऱ्या दुकानात द्यायला मीच सांगितलं. शशिकांत चांगला आहे. हे मी कुणाला पटवायला लिहीत नाही, तो खरंच चांगला आहे. लेक रात्री रडली तर माझ्याआधी उठतो, तिला खांद्यावर घेऊन तिच्या कानात क्रिकेटचा स्कोअर सांगतो. तिला झोपही येते. म्हणून तर हे जास्त अवघड आहे. दुःख करायला निदान एखादं कारण तरी हातात असावं.

लेकीच्या बारशाचं शूटिंग दिरानं कुणाचा तरी कॅमेरा आणून केलं होतं. निम्म्यात फक्त जमीन आणि पाय. "कुणाकडून तरी नीट करून घे," शशिकांत म्हणाला. "तुझ्या ओळखीचे होते ना ते उल्हासनगरचे सेठ?"

गेले. लेकीला कडेवर घेऊन तोच जिना चढले. खुर्चीवर दुसराच कुणी मुलगा होता. मशीनही नवं. लछुसेठना मला बघून इतका आनंद झाला की लेकीच्या हातात त्यांनी खडीसाखरेचा डबाच दिला.

"देखो मॅडम!" त्यांनी खणातून दाढीचा जुना ब्रश काढून दाखवला. "आपने सिखाया था ना, वैसे ही हर शनिवार. अपने हाथ से. हेमू के भरोसे नहीं छोडा. आप बोली ना उस दिन, प्रोसेसर जलेगा? मुझे नींद नहीं आया! शनिवार को सुबह सुबह आकर खुद खोला."

"कुठल्या शनिवारी?" मी विचारलं. उगीचच.

"पहला बार. हात बसला नव्हता ना, कुठलीतरी वायर खेचली गेली, फिर आपको ही बुलाना पडा!" ते खळखळून हसले. "लेकिन सुनो, अंदर क्या निकला? चंपा! पीला, इतना बडा, एकदम ताज़ा. पूरा कमरा महक गया. ठंडी में चंपा! मैंने पूजा में तो रखा नहीं था. मैं बोला, ये साईं ने खुद भेजा. तो उसको वहीं चढा दिया."

त्यांनी बोट वर केलं. मी वळले.

जिन्याच्या दारावर, आतल्या बाजूला, झूलेलालचा, सेठच्या त्या साईंचा, फोटो होता. काउंटरपाशी उभं राहिलं की समोर दिसणारा. त्या दारातून आत शिरताना माझ्या पाठीमागे राहिलेला... आणि बाहेर पडताना मी मान खाली घातलेली.

त्या शनिवारी तो माझ्या डोक्यावरून तिथे बघत होता. आदल्या रात्री पंख्यात लावलेलं आपलं फूल, देवाला वाहिलेलं. मशीन उघडणारं माणूस त्याच्या माहितीत एकच होतं. त्याला वाटलं, मी ते काढलं, आणि घरी न नेता, फेकूनही न देता, सभ्यपणे देवाच्या पायाशी ठेवून दिलं. आणि वर तोंडानं सांगितलं, बाकी काही नव्हतं.

पुन्हा विचारणार नाही म्हणाला होता. शब्द पाळला.

"क्या हुआ मॅडम? बैठो, बैठो," सेठ म्हणाले. लेक माझ्या गालावरून हात फिरवत होती, तिची बोटं खडीसाखरेनं चिकट झालेली. मी बसले. पाणी प्यायले.

"हेमचंद्र... कुठे असतो आता?"

"नाशिक. खुद का दुकान डाला. अच्छा चलता है. आपकी शादी के बाद गया लडका, रुका नहीं." सेठ कॅसेटवर चिठ्ठी चिकटवत होते. "कभी कभी फोन करता है. मेरा हाल पूछता है, फिर वही एक बात पूछता है, सेठ, मशीन कोण बघतं आता? हँग होतं का?"

मी लेकीचा हात पदरानं पुसला. एकेक बोट.

सांगता आलं असतं. सेठ, तुम्ही फोन लावा, म्हणता आलं असतं. फूल कुणी काढलं ते एका वाक्यात सांगून झालं असतं. आणि मग त्यानं काय करायचं होतं त्या वाक्याचं, नाशिकला बसून? मी तरी काय केलं असतं?

"पुन्हा फोन आला तर सांगा त्याला," मी म्हटलं, "मशीन आता चांगलं चालतं. हँग होत नाही."

"अरे, होता है ना!" सेठ भाबडेपणानं म्हणाले. "रोज़ होता है!"

"तरी सांगा," मी म्हटलं.

निघताना दाराशी थांबले आणि या वेळी मात्र मान वर करून बघितलं. फोटोला झेंडूचा ताजा हार होता. लेकीनं हात वर केला, फुलाला लावायला. मी तिला उचलून धरलं. तिची बोटं पोचली, एक पाकळी तिच्या मुठीत आली, आणि घरी येईपर्यंत तिनं ती सोडली नाही.